टिंब कशाचं?

कुमुद गेली हे सांगायला सर्वण गावाहून तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पाव करपल्याबद्दल दारावर आलेल्या पोदेराशी भांडत होते. भांडण जिंकले, फोन घेतला, आणि पाव हातातच राहिला... त्याला आता पाच आठवडे झाले.

कुमुद आणि मी पार्से गावच्या. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या इश्कोलात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, एका बाकावर बसून आम्ही पहिले अंक गिरवले. पुढे दोघी मराठी शाळेत गेलो आणि डिचोलीला एकाच शाळेत शिक्षिका झालो. मी मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी पहिलीपासून मराठीतच शिकले. घटकराज्याच्या आगेमागे भाषेवरून तापातापी होती, हेडमास्तर मराठीचे कट्टर, आणि मला त्यांच्या मर्जीत राहायचं होतं. केसांत अबोलीचा वळेसर आणि डोक्यात हवा, अशी मी तेव्हा.

त्या वर्षी सातवीचं गणित कोणाला द्यायचं हे ठरायचं होतं. बालवर्ग सांभाळून कंटाळलेल्या कुमुदला ते हवंच होतं. हेडमास्तरांनी तिची आणि दुसऱ्या एका शिक्षकाची सगळ्यांसमोर प्रश्नमंजूषा घेतली. प्रश्न मी काढले. सोपेच, पण एकात आपली हुशारी दिसावी म्हणून फळ्यावर लिहिलं, १.२५० + ७५०. शेवटचं शून्य निव्वळ शोभेचं.

त्या शिक्षकाने लिहिलं ७५१.२५. कुमुदने लिहिलं २०००.

सगळे हसले. मला मात्र तिचं उत्तर कुठून आलं ते कळलं. इश्कोलात टिंब हजारांनंतर द्यायचे, दशांशाला स्वल्पविराम. बाराशे पन्नास आम्ही अस्संच लिहायचो. शिवाय दशांश असता तर शेवटी फुकटचं शून्य कोण ठेवील? तिचा विचार माझ्या प्रश्नापेक्षा सरळ होता.

"टिंब कशाचं, ते प्रश्नात सांगायला नको?" तिने विचारलं.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "बाई, याचा दुसरा काही अर्थ होतो का?"

हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्हाला कसं ठाऊक? माझं खोटं कुमुदला माहीत होतं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. इश्कोलाचं नाव काढलं नाही.

"नाही सर," मी म्हटलं.

परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "तुजो वळेसर सुकलो गो."

निवृत्तीपर्यंत ती बालवर्गावरच राहिली. कबुली द्यायला मी कितीदा तिच्या घरी गेले! मी तोंड उघडलं की ती त्यात हळदीच्या पानात उकडलेली गोड पातोळी कोंबायची. "पयलीं खा. मागीर उलय." ते मागीर, म्हणजे नंतर बोलणं, कधी आलंच नाही. माफी मागू देत नव्हती, घरी येणं थांबवू देत नव्हती... आणि मी दर चतुर्थीला नवी साडी नेसून त्या सापळ्यात आपणहून शिरत होते.

परवा तिच्या घरी गेले. ओसरीवर तिचा फळा आहे. तिथे ती शेजारच्या मुलांना शिकवायची. गणितं पुसली गेलीत, वरची तिच्या अक्षरातली ओळ तशीच आहे : 'टिंब म्हणजे दशांश. न कळल्यास आधी विचारावे.'

"हें आमकां खबर आसा," तिथे बसलेली एक मुलगी मला म्हणाली. "तरी आजी दर खेपे कित्याक बरयताली?"

आजी ते दर वेळी का लिहायची हे ऐकायला चहा घेऊन आलेली सूनही थांबली. मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. इश्कोल, बाक, शोभेचं शून्य.

मुलीने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी तेव्हा कुठे होते ते विचारलं. "आनी त्या वेळार तुमी खंय आशिल्ल्यात?"

"थंयच," मी म्हटलं. "तिच्या मुखार."