किल्ली साहेबांकडं

मिरजगावच्या अलीकडं हमरस्त्यावर एक पेट्रोलपंप आहे. तो सुरू झाला तेव्हापासून मी तिथंच तेल भरलं. आमच्या भावकीत कुणीही नवा ट्रॅक्टर घेतला, की तो घरी जायच्या आधी त्या पंपावर न्यायचा. पहिलं डिझेल तिथलं, नारळ तिथंच फोडायचा, पेढे तिथल्या माणसांना. ही पद्धत मी पाडली. मी चौथी नापास, पण भावकीत माझा शब्द खाली पडत नाही. पंपाचा मालक मला काका म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात घरातलीला शुगर तपासायला मोटारसायकलवर नगरला नेलं होतं. येताना ती मागनं म्हणाली, पंपावर थांबा. शुगरच्या माणसाला दम धरवत नाही. बघतो तर संडासाला कुलूप. मॅनेजर मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाला, "किल्ली साहेबांकडं असती."

साहेब म्हणजे मला काका म्हणणाराच. काचेच्या खोलीत, एसीत बसलेला. म्हणाला, लोक लई घाण करतात, म्हणून बंदच ठेवतो. तपासणी आली की उघडतो. वर म्हणाला, "काकूंना म्हणावं, मागं बाभळी हायेत की."

ज्या बाईचा पदर मी पन्नास वर्षांत कधी ढळलेला बघितला नाही, ती बाभळीआड गेली. बाजूला ट्रकवाले चहा पीत उभे. मी तिच्याकडं पाठ करून, धोतराचा सोगा पसरून आडोसा धरला. गाडीवर बसताना ती एवढंच म्हणाली, "कुनाला सांगू नका."

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासनं गावाच्या पलीकडच्या, दुसऱ्या कंपनीच्या पंपावर जायला लागलो. पोरं म्हणाली, म्हातारा चळला, जवळचा पंप सोडून लांब जातोय. त्या पंपावर कंपनीचा एक टायवाला कागद घेऊन आला. पंप का बदलला? भाव, अ‍ॅव्हरेज, का कार्डावरचे पॉइंट? म्हटलं, यातलं काहीच नाही. तर त्यानं 'इतर' वर खूण केली आणि गेला. माझ्या बायकोची लाज त्या इतरमध्ये गेली.

दिवाळीत पुतण्यानं ट्रॅक्टर घेतला. मी मडगार्डवर बसलो होतो. जुना पंप आला तसा पुतण्या वळवायला लागला. म्हटलं, "सरळ घे." मालक रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा होता. तो हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. ओट्यावर बसून चहा घेताना त्यानं विचारलं, "काका, आमचं माप चुकलं का?"

"माप बरोबर हाय तुझं," मी म्हटलं. घरातलीला शब्द दिला होता, म्हणून पुढचं सांगितलं नाही. डोकं मात्र तापलं होतं.

तेवढ्यात घरातली उंबऱ्यात आली. पदर सावरला आणि त्याला विचारलं, "किल्ली कुठं असती आता?"

त्यानं कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच. उद्यापासनं उघडं ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना होईल. आम्ही काही येणार नाही.

आता लिहा, असं घरातलीच म्हणाली, म्हणून लिहिलं. नव्या पंपावर ती संग असो-नसो, मी आधी संडासाचं दार ढकलून बघतो. उघडलं, तरच टाकीचं झाकण काढतो.