चौथ्या अंकाचा फुकट भाग

माझ्या चौथ्या अंकाच्या फुकट भागातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'मग साठी उलटलेल्या माणसाने आपले पैसे ठेवायचे तरी कुठे?' त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली, 'पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.'

अंक बरोबर त्या वाक्यावर तोडायला मला पाऊण तास लागला होता. वीस वर्षं मी एका ब्रोकरेज कंपनीत बाजाराचे अहवाल लिहिले. ते कोणी वाचत नसे, सह्या मात्र चौघांच्या लागत. शेवटी डोकं फिरलं, नोकरी सोडली, आणि मुलुंडच्या घरात बेडरूमच्या खिडकीपाशी टेबल टाकून अर्थव्यवस्था आणि शेअर बाजारावरचं मराठी न्यूजलेटर सुरू केलं. दर रविवारी सकाळी ते ईमेलने जायचं. अर्धं सगळ्यांना फुकट, उरलेलं अर्धं वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना. रेघ कुठे मारायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. या धंद्यात मुरलेल्या एका ओळखीच्याने मला कानमंत्र दिला होता, "जिथे वाचणाऱ्याचा श्वास अडकतो ना बॉस, तिथे काप." पहिले तीन अंक मी भिडस्तासारखे कुठेही कापले आणि वर्गणीदार मिळाले अकरा. चौथा अंक मी श्वासावर कापला.

विषय होता बँकेतल्या मुदत ठेवी. फुकट भागात मी दणकून लिहिलं होतं की ठेवीवर व्याज येतं त्याहून जास्त महागाई खाते, पैसे सुरक्षित आहेत असं वाटतं आणि ते दरवर्षी झिजतात. उत्तर रेघेखाली होतं. त्यातलं पहिलंच वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं होतं: आजारपणासाठी, ऑपरेशनसाठी राखलेल्या पैशांना हात लावू नका, ते मुदत ठेवीतच राहू द्या.

अंक चालला. म्हणजे फुकटचा अर्धा भाग चालला. तो व्हॉट्सॲपवर गावभर फिरला आणि रेघेपाशी अडकलेले लोक वर्गणी भरू लागले. अडीच महिन्यांत शंभरावा वर्गणीदार आला. मी टेबलावर हात आपटला. बायको म्हणाली, "आता तरी माणसांत ये. आईकडे जाऊन किती दिवस झाले?" दिवस नव्हे, महिने झाले होते. चौथ्या अंकाच्या आधीपासून मी जोगेश्वरीला सासूबाईंकडे फिरकलोच नव्हतो.

पेढे घेऊन आम्ही गेलो. सासूबाई जोगेश्वरीत एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा हाती आलेल्या पैशांतली एक ठेव त्यांनी कधी मोडली नाही, आणि ते गेल्यावर सासूबाईंनीही नाही. ती त्यांच्या गुडघ्यासाठी होती. गणपतीला गावी जाऊन आल्या की ऑपरेशन करायचं, हे अंधेरीच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं होतं.

त्यांनी पेढे देवापुढे ठेवले, मला एक दिला, आणि भिंतीला धरत कपाटाकडे गेल्या. साडीच्या घडीखालून एक चकचकीत फाइल काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. चेहरा असा, की दहावीच्या मुलीने मार्कशीट दाखवावी.

"तुमचं वाचलं आणि करून टाकलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही याल तेव्हाच दाखवू."

आत विम्याची पॉलिसी होती. शेअर बाजाराला जोडलेली. पाच वर्षं हात लावता येत नाही अशी.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "आई, हे पैसे कुठले?"

"ठेव मोडली ना. झिजत होती ती."

तो माझा शब्द होता. माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी फाइलमधल्या तारखेकडे. अशी पॉलिसी हातात आल्यापासून काही दिवसांत परत करता येते, हे मला माहीत होतं. मीच एका अंकात लिहिलं होतं, बहुधा रेघेखाली. मी दिवस मोजले, मग पुन्हा मोजले. मुदत कधीच टळून गेली होती. त्या दिवसांत फाइल कपाटात साडीखाली माझी वाट बघत होती आणि मी मुलुंडला वर्गणीदार मोजत बसलो होतो.

"पण तुम्हांला मिळालं कुठून हे?" मी विचारलं. आवाज चढला होता, तो मला आवरला नाही.

आमच्या मुलीने आजीच्या फोनवर फुकटचा अंक लावून दिला होता. दर रविवारी सासूबाई तो गॅलरीत शेजारच्या दोघींना मोठ्याने वाचून दाखवायच्या. आमच्या जावयांनी लिहिलंय, असं सांगून. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आणि पुढचं? त्या रेघेच्या खालचं?"

"ता पैसे भरणाऱ्यांचा," त्या म्हणाल्या. त्या माझ्याशी नेहमी जपून शहरी बोलतात. गोंधळल्या की मालवणी येते. "जावयाकडे फुकट कसा मागतलंय? आणि जावयाक पैसे पाठवले तर तुमका कसा वाटात? म्हणान खाली विचारलंय."

खाली म्हणजे पहिल्या मजल्यावर, विमा विकणाऱ्या माणसाकडे. मी फाइल घेऊन जिना उतरलो तो त्याची गचांडी धरायच्याच इराद्याने. त्याने दार उघडलं, मला ओळखलं, आणि आनंदाने आत बोलावलं. मी तोंडाला येईल ते बोललो. बाईंच्या गुडघ्याचे पैसे होते, तुला लाज नाही वाटली, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सर, गुडघ्याचं काकी काही बोलल्या नाहीत, आईशप्पथ," तो म्हणाला. "त्या तुमचं आर्टिकल घेऊन आल्या. शेवटी तुम्हीच विचारलंय, पैसे ठेवायचे कुठे. मी फक्त पुढचं सांगितलं."

मी फाइल काखेत मारली आणि जिना चढून परत आलो.

रिक्षात बायको म्हणाली, "तू तिला पूर्ण अंक का नाही रे पाठवलास?"

"तुझ्या आईकडे वर्गणी मागू?"

"मागायला कोण सांगतंय? नुसता पाठवायचा."

मी म्हणालो की सासरी आपलंच कौतुक पाठवणं बरं दिसत नाही. ते खोटं होतं. खरं कारण मला त्या रिक्षात कळलं आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. ही बाई माझं वाचेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मराठी माणसाला अर्थकारण समजलं पाहिजे म्हणून मी नोकरीवर लाथ मारली होती, आणि त्या मराठी माणसात माझी सासू नव्हती.

ऑपरेशनचे पैसे मी देतो, हे सांगायला दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. सासूबाईंनी चहा ठेवला, माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मान हलवली. लेकीच्या घरचा पैसा घेऊन पाय बरा करायचा नाही. मी हात जोडले, चिडलो, शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ढिम्म हलल्या नाहीत. उलट माझीच समजूत काढू लागल्या.

"तुमी कित्याक रडतास? तुमी लिवलास ता खोटा थोडाच होता?"

खोटं नव्हतं, अर्धं होतं. ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्या वर्षी त्या गणपतीला गावी गेल्या नाहीत. ऑपरेशनही झालं नाही. आता त्या जिना कडेकडेने, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात. माझ्या अंकात 'हे करू नका' असं जे काही असतं, ते पहिल्या ओळीत येतं आणि सगळ्यांना फुकट मिळतं. त्यानंतर नवे वर्गणीदार जवळजवळ थांबले. कानमंत्रवाल्याने फोन करून माझी अक्कल काढली आणि मी त्याची.

मागच्या महिन्यात बायको जोगेश्वरीहून आली आणि तिने माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. आत वर्षाच्या वर्गणीचे पैसे होते आणि वर एक रुपया.

मी तिथल्या तिथे फोन लावला. आई, हे काय, तुम्ही कशाला, असं काहीतरी बोलत राहिलो. त्यांनी मला थांबवलं.

"आता पुरा पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि आता मी आदी शेवट वाचतलंय. मगे सुरुवात."