सातव्या खाचेतली माळ

शाळेची मुलं तिला हळूबाई म्हणत. तोंडावर नाही, जिना उतरताना. संग्रहालयात तिचं काम ठरलेलं होतं: शाळांचे वर्ग आले की त्यांना निरनिराळ्या धर्मपंथांच्या जुन्या वस्तू दाखवायच्या, हातात द्यायच्या आणि घडीघडीला 'हळू' म्हणायचं. सव्वीस वर्षं हळू म्हणता म्हणता तिचा आवाजच हळू होऊन गेला होता, घरीदारी सगळीकडे.

तिची सगळी शाळा एका पसरट लाकडी पेटीत मावायची. पेटीत जाड स्पंज, स्पंजात वस्तूंच्या आकाराच्या बारा खाचा. एकीत घंटा, एकीत दिवा, एकीत पोथी ठेवायची घडीची चौकट, आणखी असंच. कपाटातल्या वस्तूंइतक्या त्या मोलाच्या नव्हत्या, म्हणून हाताळायची मुभा होती. पेटी उघडायच्या आधी ती दर वेळी एकच सांगायची, की यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी घरातून आली आहे, तेव्हा हात लावण्याआधी विचारायचं, ही कुणाची? मग मुलं एका सुरात विचारत आणि ती सांगे.

दोन नियम तिने स्वतः घातलेले होते. तुमच्या घरी कोणता धर्म पाळतात, असं कुठल्याही मुलाला विचारायचं नाही. आणि ज्याच्या घरून परवानगीची चिठ्ठी 'नाही' म्हणून येईल, त्याला कागद-पेन्सिल देऊन बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसवायचं. आतलं त्याला काही दाखवायचं नाही, द्यायचं नाही, फूस लावायची नाही. या दुसऱ्या नियमापायी ती एकदा खुद्द संचालकांशी भांडली होती, आणि जिंकली होती.

पेटीतली सातवी खाच नऊ वर्षं रिकामी होती. कुणी विचारलंच तर ती म्हणे, दुरुस्तीला दिली आहे, आणि पुढच्या वस्तूकडे वळे.

दुरुस्ती कसली! तिची एकुलती एक लेक दुसऱ्या पंथातल्या मुलाच्या प्रेमात पडली. एवढ्यावर भागलं असतं तर हळूबाईने रडतकढत का होईना, होकार दिला असता. पण लेकीला त्याचा पंथही आवडला. एका संध्याकाळी ती गळ्यात काळसर लाकडी मण्यांची माळ घालून घरी आली. होणाऱ्या आजेसासूने स्वतःच्या गळ्यातली काढून तिला दिली होती. जगभरच्या श्रद्धा पोराटोरांना गोडीगुलाबीने समजावणारी ही बाई, पोटच्या पोरीपुढे मात्र तिचं सगळं शहाणपण पार गळून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "ती गळ्यातून काढल्याशिवाय माझ्या घरात जेवायला बसायचं नाही," ती म्हणाली. लेकीने माळ काढली, टेबलावर ठेवली आणि न जेवता निघून गेली.

माळेसाठी तरी येईल, म्हणून हळूबाई वर्षभर वाट पाहत राहिली. लग्न झाल्याचं बाहेरून कळलं. मग एक दिवस तिने माळ उचलली, कामावर नेली, रजिस्टरात 'भेट' म्हणून चढवली, शेवटच्या मण्यावर बारीक ब्रशने सात आकडा घातला आणि पेटीत तिच्यासाठी खाच कापली. मनाची समजूत अशी घातली, की ही मानाची जागा आहे. मान कसला डोंबलाचा! मान असता तर पोस्टाने पाठवली असती. पण डोळ्यांसमोर ठेववत नाही आणि टाकवतही नाही अशा वस्तूचं काय करायचं, ते संग्रहालयातल्या माणसाला एकच ठाऊक असतं.

पुढच्याच वर्षी लेक आली. घरी जायचा धीर झाला नसावा, म्हणून संग्रहालयात आली, खांद्यावर पाच महिन्यांची पोर घेऊन. आत वर्ग रंगात आला होता. कुणा एका मुलीने ती माळ गळ्यात घातली, डोळे मिटून ध्यानाचं सोंग आणलं, आणि सगळा वर्ग खो खो हसला. दारात उभ्या लेकीला दिसलं, की आईसुद्धा हसते आहे.

वर्ग पांगेपर्यंत ती थांबली. मग जवळ येऊन एवढंच म्हणाली, "आई, मी अजून जिवंत आहे." बाळाचा चेहराही न दाखवता गेली.

माळ त्याच दिवशी पेटीतून निघाली. रजिस्टरातून निघायला चार वर्षं लागली, कारण एकदा चढलेली वस्तू सोडायची तर समिती बसते. मग हळूबाईने दोनदा पार्सल केलं, दोन्ही वेळा ते न उघडता परत आलं. मण्यावरचा आकडा तिने स्पिरिट लावून लावून घासला. सात पुसट झाला, गेला नाही.

आणि यंदा एका शाळेची यादी आली. चौथीचा वर्ग, एकेचाळीस मुलं. तेविसाव्या ओळीत आडनाव जावयाचं होतं आणि नाव हळूबाईच्या आईचं. लेकीने पोरीला पणजीचं नाव ठेवलं होतं, आणि आजीला ते शाळेच्या यादीतून कळत होतं. ती टेबलाशी बसून रडली. मग तिला आशा वाटू लागली. जिने हे नाव ठेवलं ती चिठ्ठीवर सहीही करील, सही आली की पोर आत येईल, आणि पोरीच्या हाती माळ आईकडे जाईल. पंधरा दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्या सकाळी शिक्षिकेने चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात ठेवला. चाळीस 'हो' होते. तेविसावी 'नाही'. सही लेकीचीच, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट. त्या शेपटीवरून लहानपणी किती बोलणी खाल्ली होती तिने.

शिक्षिका मुलांना आत बसवत होती. नियमाप्रमाणे हळूबाईनेही सरळ आत जायचं होतं. ती जिन्याकडे गेली. बाकावर एक बारकी मुलगी डाव्या हाताने कागदावर जिन्याचा कठडा काढत बसली होती, आईसारखीच ओठ दुमडून. हळूबाई तिच्यापुढे उकिडवी बसली. काय बोलायचं ते पंधरा दिवस घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. तिने फक्त मूठ उघडली. "ही तुझ्या आईची आहे. नेऊन देशील तिला?"

मुलीने माळेकडे पाहिलं, मग दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आई म्हणाली, आतल्या बाईंनी काही दिलं तर घ्यायचं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "पण उद्धटपणे बोलायचं नाही, वयाने मोठ्या आहेत. म्हणून, नको. थँक्यू."

आपल्याशी बोलते आहे ती बाई आपली कोण, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. हळूबाईने मूठ मिटली. कठडा छान आलाय म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.

चाळीस मुलं पेटीभोवती दाटीने उभी होती. तिने नेहमीचं वाक्य सांगितलं, कसंबसं. झाकण उघडलं. पुढच्या रांगेतल्या चष्म्यावाल्या मुलीने घंटेकडे पाहिलं नाही की दिव्याकडे. तिने रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं आणि शिकवल्यासारखं नीट विचारलं, "ही कुणाची?"

हळूबाईच्या तोंडाशी दुरुस्ती आली होती. "माझ्या मुलीची," ती म्हणाली. "मी तिला न विचारता इथे आणली."

"मग देऊन टाका ना परत."

"देते आहे," हळूबाई म्हणाली. "ती घेत नाही."

मग तिने घंटा उचलली, चष्म्यावालीच्या हातात दिली आणि म्हणाली, हळू.