“बदल हाय का काई?”

“बदल हाय का काई?” एवढं विचारून कोतवालभाऊ तोंड फिरवायचे. अंगणातल्या कोंबड्यांकडे बघतील, रस्त्याकडे बघतील, पण तुमच्या तोंडाकडे नाही. माणूस तुटक आहे, असं तुम्हालाही वाटलं असतं. मला तर कित्येक दिवस तसंच वाटत होतं. शेवटी एकदा विचारलंच.

“कमाईचं इचारताना मानसाच्या तोंडाकडं पाहू नाई, बाई,” ते म्हणाले. “त्याले लाज वाटते. अन् लाज वाटली का मानूस खोटं बोलते.”

आमचं गाव नागभीडपासून बसने अर्ध्या तासावर. भाऊ गावचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, निरोप न्यायचे, दवंडी द्यायची. ऐंशीच्या सुमारास अपंग, विधवा आणि म्हाताऱ्या माणसांना निराधार योजनेची मनिऑर्डर येऊ लागली, तेव्हा त्यांच्या मागे आणखी एक काम लागलं. वर्षातून एकदा घरोघर जायचं, माणूस जिवंत आहे ना ते बघायचं आणि त्याच्या कमाईत काही बदल झाला का ते विचारायचं.

दवंडी ते शिट्टीवर देत. आम्ही दोघंही बौद्ध मोहल्ल्यातले. “डफ माह्या बापानं छप्पनमधी ठेवून देल्ला. म्या सरकारची नोकरी धरली, डफ नाई धरला,” असं ते पाटलालाही ऐकवत. मग बोरिंगपाशी, शाळेपाशी आणि विहारापाशी तीन-तीन शिट्ट्या वाजत आणि पाठोपाठ त्यांचा खणखणीत आवाज येई.

त्या शिट्टीवर माझा भयंकर राग होता. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय गेला. वडील वारले होते. माय लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवण्याला जायची. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. अनुदान मंजूर झालं तेव्हा भाऊंनी तिन्ही ठिकाणी शिट्टी मारून माझं नाव पुकारलं: “पायानं अपंग, निराधार! कोनाची हरकत असंन तं चावडीवर यावं!” माझा पाय साऱ्या गावाला माहीत होता, पण तो असा कुणी पुकारला नव्हता. मी दाराआड रडत होते. माय बाहेर जाऊन भांडली, “निराधार काऊन म्हनता? मी का मेली हावो?”

“कागदावर हाय तसं बोललो, वहिनी,” भाऊ म्हणाले आणि कोंबड्यांकडे बघू लागले.

लोक त्यांना काय काय बदल सांगायचे! एक आंधळे आजोबा होते. बकरी व्याली की ते स्वतः निरोप पाठवून भाऊंना बोलावून घेत. हात तुटलेल्या एका गड्याने तर, जावई महिनाभरापासून येऊन राहिलाय, असा बदल सांगितला. भाऊ गंभीरपणे म्हणाले, “थे उत्पन्न नाई बाबू, थे गळती हाय.”

मग माझ्याही आयुष्यात बदल झाला. नागभीडला धान खरेदी केंद्रावर पावत्या लिहायचं काम मिळालं. चार महिन्यांचंच. माय म्हणाली, “सांगू नोको. काम चार महिन्यांचं, अनुदान जलमाचं. एकदा बंद झालं तं कोन चालू करते?” मलाही ते पटलं होतं. खोटं कशाला सांगू?

भाऊ आले तेव्हा मी डबा घेऊन बसला निघाले होते. त्यांनी विचारलं आणि तोंड फिरवलं. माझ्याआधी मायच बोलली, “काय बदल रायते भाऊ? होतं तसंच हाय.”

भाऊंनी वही उघडलीच नाही. “वहिनी, अनुदान पोरीच्या नावानं हाय. थेच सांगंन.”

कामाच्या पहिल्या दिवशी बसच्या पायरीवर मला हात देणारे हेच होते. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. तरी ते कोंबड्यांकडे बघत बसून राहिले. बस येऊन हॉर्न वाजवून गेली. शेवटी मी म्हणाले, “बदल आहे, भाऊ. मला काम लागलंय.”

“मले माईत होतं,” ते म्हणाले. “पन मले माईत असनं येगळं अन् तू सांगनं येगळं.” मग माझ्याच हाताने अर्ज लिहून घेतला. शेवटी एक ओळ मात्र त्यांनी सांगितली: काम चार महिन्यांचे आहे, सुटल्यावर पुन्हा कळवीन.

अनुदान बंद झालं. चार महिन्यांनी कामही सुटलं. मी लगेच कळवलं, पण मनिऑर्डर काही येईना. ऐन रोवण्यात माय अंगात ताप घेऊन चिखलात उभी राहायची आणि घरी येऊन भाऊंच्या नावाने बोटं मोडायची. मीही मोडली. खरं बोलणं ही कोठीत धान असणाऱ्यांची चैन आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

भाऊ मात्र दर आठवड्याला तहसील कचेरीत जाऊन बसत होते. आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. तलाठ्याकडून कळलं की एकदा ते तिथल्या बाबूला म्हणाले, “पोरीनं सोताच्या हातानं बंद करून घेतलं. तुमचा हात चालू कराले काऊन दुखून राह्यला?” अर्जातली ती शेवटची ओळ त्यांनी बाबूपुढे बोट ठेवून वाचून दाखवली. अनुदान सुरू झालं. पोस्टमन आला त्या दिवशी भाऊ सहज आल्यासारखे बोरिंगपाशी उभे होते. मायने त्यांना हाक मारून चहा पाजला.

दोन वर्षांनी मला गडचिरोलीला कायमची नोकरी लागली. हुकूम घेऊन मी आधी त्यांच्याच घरी गेले. “भाऊ, बदल आहे.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सदरा चढवला, शिट्टी घेतली आणि मला सोबत घेऊन निघाले. बोरिंगपाशी, शाळेपाशी, विहारापाशी. “ऐका हो ऐका! आपल्या गावची पोरगी सरकारी नोकरीले लागली! तिचं निराधार अनुदान बंद झालं! कोनाची हरकत असंन तं चावडीवर यावं!” त्या दिवशी मी दाराआड नव्हते. मी पाय ओढत त्यांच्या मागे सारं गाव फिरले.

कोतवालाला पेन्शन नसते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. म्हातारपणी भाऊ स्वतःच निराधारच्या यादीत आले. मी दरमहा थोडे पैसे पाठवायची. ते परत पाठवत नसत, एवढंच मला समाधान होतं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या अंगणात नवा कोतवाल बसला होता. मी विचारलं, “शेवटी काही अडचण नव्हती ना? अनुदान मिळत होतं?”

“सा महिन्यांपासून बंद होतं, बाई,” तो चाचरत म्हणाला. “म्या इचारलं, बदल हाय का काई? तं म्हने, हाय. लिही. पोरगी नोकरीले हाय, दर महिन्याले पैसे पाठवते. म्या म्हनलं, भाऊ, तुमाले तं लेकरूच नाई. असं लिहिलं तं अनुदान जाईन. तं म्हने, हाय तसं लिही.”

“मग?”

“मंग लिहिलं.”

मी तोंड फिरवलं आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.