माफीचं पान

आमच्या कंपनीत क्षमस्व नावाचा एक माणूस होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव निराळं होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. हा जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइट बांधायचा, आणि वेबसाइट आडवी झाली की गिऱ्हाइकाला जे एरर पेज दिसतं, ते लिहिण्यात त्याचा खरा जीव रमायचा. बाकीचे लोक तिथे ‘काहीतरी चुकलं’ एवढं खरडून मोकळे होतात. हा आधी नाव घालून नमस्कार करायचा, मग लिहायचा, ‘क्षमस्व. आपल्या अमूल्य वेळेचा आमच्यामुळे अपव्यय झाला.’ “इतकी गोड माफी लिहितोस, तर मग वेबसाइट चालवायचीच कशाला?” असं आम्ही विचारायचो. तो लाजायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

असा मऊ माणूस. पण मऊ माणसाचाही राग कुठेतरी निघतोच. त्याचा निघायचा कोडमध्ये, जिथे कुणी डोकावत नाही. साहेबांचा मेहुणा ऑफिसात सल्लागार म्हणून बसायचा. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीच्या वेबसाइटवर, बिलाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाला त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापायच्याच, असा त्यानं धोशा लावला. क्षमस्वनं मुकाट्यानं ते काम केलं आणि कोडच्या त्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, इंग्रजी अक्षरांत नाव दिलं ‘मेहुण्याचा हट्ट’.

थोड्याच दिवसांत गाद्यांचे मालक तक्रार घेऊन आले. मधूनच बिलाऐवजी काहीतरी अगम्य मजकूर येत होता. साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. “यांच्या डोळ्यांदेखत शोधून दुरुस्त करा,” ते क्षमस्वला म्हणाले, “संध्याकाळी टीमलीडची खुर्ची तुमची.” ही खुर्ची त्याला दर वर्षी लांबून दाखवली जायची. या खेपेला बायकोनं आपल्या ताईला सांगूनही टाकलं होतं.

क्षमस्व प्रोजेक्टरपाशी बसला, लॉग इन न करताच एक गादी विकत घ्यायला गेला, आणि तो मजकूर भिंतभर उमटला. सर्व्हर कोणत्या फंक्शनमध्ये अडखळला, ते जावा नावानिशी सांगते. ते परक्याला दिसू नये म्हणून तर एरर पेज असतं. इथे ते पानच कोसळलं होतं. लॉग इन न केलेल्या माणसाचं नाव ठाऊक नसतं, आणि नावाशिवाय नमस्कार कुणाला घालावा हे पानाला सुचेना. झाकणच फुटल्यावर आतलं सगळं चव्हाट्यावर.

मालकांनी चष्मा पुसला आणि अक्षरं जुळवत वाचलं. “मेहुण्याचा... हट्ट. हा कोण मेहुणा?”



“मी,” मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “दाजी, बघा, माझ्या नावानं काहीतरी काढलंय यांनी.”

मालक हसू लागले, सावकाश आणि सर्वांगानं. “म्हणजे तुमचा मेहुणा पडला म्हणून आमचं बिल पडलं?”

“तांत्रिकदृष्ट्या, हो,” क्षमस्व म्हणाला. खोटं बोलायला भिंत मोकळी नव्हती. “लॉग इन केलं नाही की जन्मतारीख मिळत नाही. मग शुभेच्छा अडकतात.”

“मग काढा त्या.”

त्यानं शुभेच्छा काढल्या, माफीच्या पानावरचा नमस्कारही काढला. बिल सुरळीत आलं. मालक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “फार दिवसांनी इतका खरा मजकूर वाचला हो.” ती थाप साहेबांनी पाहिली.

मालक गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही. “काम चोख झालं. पण खुर्चीवर माणसांची कदर असलेला माणूस हवा. आमचे हे मेहुणे बसतील. तुम्ही त्यांना जावा शिकवा.”

“जेवल्यावर नको पण,” मेहुणा म्हणाला. “मला दुपारी डोळा लागतो.”

घरी बायकोनं दारातच विचारलं, “झाली दुरुस्ती?”

“झाली.”

“आणि खुर्ची?”

“मेहुण्याला.”

तिनं फोन हातात घेतला. मग म्हणाली, “ताईला सांगते, तुम्हीच नको म्हणालात.”

“सांग.”

तिनं तिथेच फोन लावून तसं सांगितलं. ताईचा आवाज घरभर घुमला, कारण स्पीकर चालू राहिला होता. “नको म्हणाले? अगं, त्यांना कुणी विचारलं तरी होतं का?”