अक्काच्या डोळ्यासाठी चाक शोधताना

अकोल्याचा रस्ता मला आधी कंबरेला कळला, डोळ्यांना नंतर दिसला. स्टेशनाबाहेर टांग्यात बसले, टांगा हलला, आणि पहिल्याच वळणावर मी जागेवरून उडून टांगेवाल्याच्या पाठीवर जाऊन आदळले. मागे वळूनही न बघता तो म्हणाला, "धरून बसा बाई, अजून गाव यायचंच हाये." म्हणजे खरे खड्डे पुढेच होते!

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुण्याहून मी इकडे आले होते ती थोरल्या बहिणीला तिच्या घरी पोचवायला. आमची अक्का अमरावतीला दिली, तिचं अर्धं आयुष्य तिकडेच गेलं. तिचा डावा डोळा एका फिरत्या वैदूने सुई घालून कायमचा घालवला. उरलेल्या उजव्यावर मोतीबिंदू आला. अकोल्यात एका धर्मशाळेत बाहेरगावच्या डॉक्टरांनी डोळ्यांचं शिबिर मांडलं होतं, तिथे तिची शस्त्रक्रिया झाली. आता शिबिर आवरत होतं आणि रोग्यांना घरी जा म्हणून सांगत होते. अक्काचे यजमान, माझे भाऊजी, वकील. त्यांचा खटला नेमका उभा राहिला, म्हणून मला तार आली.

धर्मशाळेच्या ओसरीवर डॉक्टर भेटले. म्हणाले, "जखम अजून कच्ची आहे. पट्टी निघेपर्यंत डोक्याला हिसका बसता कामा नये. बसला तर हाही डोळा गेला असं समजा."

"डॉक्टर, तुम्ही रोज इथवर कशातून येता?" मी विचारलं.

"चालत," ते म्हणाले, आणि जरा ओशाळले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! एका बाईचं उरलेलं सगळं दिसणं एका डोळ्यात, आणि तो डोळा वाचणार की जाणार हे ठरवणार कोण, तर गावातले खड्डे! आत गेले. अक्का दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणी पडली होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या.

"कोण, सुमी का? अजून पाय आपटतच चालतेस," ती म्हणाली. मला रडू आलं, पण तिला ते कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक तांब्या घेतला, काठोकाठ पाणी भरलं आणि वाहनं शोधायला निघाले. माझा हिशेब सोपा होता. अक्काला बसवण्याआधी मी रिकाम्या गाडीत तांब्या मांडीवर घेऊन स्टेशनपर्यंत जाणार. ज्या गाडीत पाणी सांडणार नाही, ती गाडी अक्काची. टांगेवाले हसायला लागले. हसू देत, त्यांचा डोळा नव्हता जाणार.

लोखंडी चाकाच्या टांग्यात पाणी कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही. मग एक रबरी टांगेवाला ऐटीत पुढे आला. त्याच्या चाकांवर अंगठ्याएवढं जाड रबर होतं. "बसा बाई, पान्यावरून चालल्यावानी जाते माही गाडी!" पाण्यावरून कसली, पाणी माझ्यावरून गेलं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. खडीचा खडखडाट रबराने कमी झाला हे खरं, पण घोटाभर खोल खड्ड्यात चाक गेलं की अंगठाभर रबर काय करणार, कप्पाळ? उलट रबर आहे म्हणून तो घोडा जास्तच दामटत होता.

मी भिजलेली परत आले तेव्हा अक्काच्या खाटेशी एक माळीबुवा उभे होते. महादेवजी त्यांचं नाव. शिबिराच्या मुदपाकखान्याला ते रोज वांगी आणि मेथी पुरवत. माझी कथा ऐकून ते म्हणाले, "एवढ्यासाठी काहून तरास करून राहिल्या? बाईले बंडीत घाला ना."

आधीच माझं डोकं तापलेलं. "अहो, तिच्या अंगात चोळी आहे, वर शाल आहे. आणखी बंडी घालून काय हिसके बसायचे थांबणार आहेत?"

"बंडी घालाची नाई बाई. बाईले बंडीत घालाची."

"तेच म्हणते मी! बायका बंडी घालतात का कुठे?"

सगळी धर्मशाळा खदखदायला लागली. अक्का वाळूच्या पिशव्या दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडली, "सुमे, बाई, गप्प बस! इथे बंडी म्हणजे बैलगाडी गं! हसवू नकोस मला, हसण्यानेसुद्धा हिसका बसतो!" आता पुण्यात बंडी म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, त्याला मी काय करू? पण महादेवजींना ते काही केल्या पटेना. "पुन्याचे लोक बैलं अंगात घालते का?" असं त्यांनी शेजारच्या रोग्याला विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्यांची बंडी मी नीट पाहिली. चाक माझ्या छातीला लागेल एवढं उंच, सगळं लाकडी, वर लोखंडी धाव (चाकावर चढवलेला पट्टा). मला वाटलं होतं, लोखंड म्हणजे हाडं मोडणार. पण तांब्या घेऊन बसले आणि नवल झालं. रबरी टांग्याचं बुटकं चाक ज्या खड्ड्यात उतरलं होतं, त्याच्या एका काठावरून हे चाक दुसऱ्या काठावर सावकाश टेकलं. बैलांना कसलीच घाई नव्हती. स्टेशन आलं तेव्हा तांब्यातलं पाणी जरासंच कमी झालं होतं.

बंडीला मी मनोमन हात जोडले, आणि त्याच वेळी तिच्या चाकांमागे बघून पुन्हा भडकले. ती अरुंद धावच रस्ता कापत होती! सरकी काढायच्या जिनाकडे, म्हणजे कारखान्याकडे, जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, आत काळी माती वर आलेली.

"तुमच्या चाकांनीच ही वाट लागली," मी महादेवजींना म्हटलं.

"मंग कापूस का डोक्यावर न्यावा आमी?" ते फटकन म्हणाले. "नाक्यावर बंडीमागं कर घेते ना म्युनिसिपल कमिटी? मंग रस्ता कोनं करावा, बैलानं?"

त्यांचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असतं तेव्हा माझा राग दुप्पट होतो.

बंडीत कडबा पसरला, त्यावर कापसाची गादी, त्यावर अक्का, तिचं डोकं माझ्या मांडीवर. मागे टांगेवाले ओरडत होते. मीही ओरडत होते, "जा ना पुढे, खड्ड्यात जा!" आणि ते खरोखरच जात होते. अक्काचं डोकं हललं नाही. स्टेशनावर तिला उतरवलं तेव्हा महादेवजींनी बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि पदरची चार वांगी तिच्या पिशवीत टाकली.

गाडीत बरं वाटलं. रेल्वेच्या चाकाला खड्डा माहीत नाही, कारण रुळाची काळजी घेणारं कोणीतरी आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या, बाभळींच्या काट्यांना उडालेला कापूस चिकटलेला. मी बघून बघून अक्काला सांगत होते. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथे वरुडची संत्री मिळाली. मी एकेक फोड सोलून तिच्या तोंडात घालत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "डोळ्याचं झालं का जी? दिसते का आता?"

"घरापर्यंत पोचले तर दिसेल," अक्का म्हणाली. तेव्हा मला कळलं की तीही भ्यालेली आहे.

अमरावतीच्या स्टेशनावर भाऊजी मोटार घेऊन उभे होते. भाऊजी नुसते वकील नव्हेत, ते अमरावतीच्या म्युनिसिपल कमिटीचे मेंबर, आणि त्यातही रस्त्यांच्या पोटसमितीवर. हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. मग मोटारीच्या चाकाला बुटाने ठोकून म्हणाले, "बलून टायर! आधीची चाकं उंच, टायर बारीक, आत हवा ठासलेली. सारखे फुटायचे. आता चाक लहान, टायर भोपळ्यासारखा, हवा कमी. खड्डा आला तरी कळत नाही."

"बघू," मी म्हटलं आणि तांब्या काढला.

"मोटारीत तांब्या? सुमनताई, लोक काय म्हणतील?"

अक्काला बायकांच्या वेटिंगरूममध्ये निजवलं आणि आम्ही दोघं निघालो. खोटं कशाला बोलू, पहिली काही मिनिटं मी हरलेच. पाणी डुचमळतसुद्धा नव्हतं. भाऊजी माझ्याकडे बघून हसले. आणि पुढच्याच क्षणी मोटारीचं पुढचं चाक खाली गेलं. नळासाठी कोणीतरी रस्ताभर आडवा चर खणला होता आणि वर नुसती माती लोटली होती. उंच चाक असतं तर निदान काठावर अडकलं असतं. हे बुटकं, ते चराने सबंध गिळलं. तांब्या उडून भाऊजींच्या कोटावर. टायर कडेने फाटला, आतली लोखंडी कड वाकली.

मी खाली उतरले आणि भर रस्त्यात तोंड सोडलं. "भाऊजी, या मोटारीत आत्ता अक्का असती तर? रस्ते तुमच्या हातात आहेत ना? मग रस्ता करायचा सोडून टायर कसले बदलता?"

"बजेट असतं, ठराव असतो, कंत्राटदार असतो. तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, की मेंबरांना जाड टायर परवडतात तोवर बाकीच्यांची हाडं मोडत राहणार!"

भाऊजी कोट झटकत राहिले. आम्ही चालत स्टेशनावर परतलो. मी अक्काला सगळं सांगितलं. तो चर बंडीलाही चुकणार नव्हता. अक्का म्हणाली, "चाकाचा नाद सोड. बाज आण आणि चार हमाल बोलाव."

बाज म्हणजे खाट. भाऊजींचा चेहरा उतरला. "अगं, सवाष्ण बाई तू! चौघांच्या खांद्यावर, भर बाजारातून? कसं दिसेल ते?"

"मला कुठे दिसतंय? उचला!"

आणि निघालो. पुढे भाऊजी ओल्या कोटात मान खाली घालून, मागे चार खांद्यांवर अक्का, बाजूला मी. कोणाला वेगळं काही वाटणारच नव्हतं. दुकानदार उठून उभे राहिले, टोप्या उतरल्या, एका शिंप्याने मशीन थांबवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडून हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

भाऊजींनी मान आणखीच खाली घातली. बाजेवरून अक्काच खणखणीत आवाजात म्हणाली, "रस्ता गेला, जी! मी हाये अजून!"

म्हातारे दोन पावलं मागे सरले. हमाल हसले, तशी अक्का त्यांच्यावरच ओरडली, "हसू नका रे, बाज हलते!" त्या माणसांनी ओठ दाबून, एका लयीत पावलं टाकत तिला घरापर्यंत आणलं. चर आला तेव्हा दोघं आत उतरले, दोघांनी वरून बाज तोलली. अक्काचं डोकं जागचं हललं नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी मी तिच्या खोलीच्या उघड्या दारासमोर देवापाशी बसून होते. आतून अक्काचा आवाज आला, "सुमे, केस किती पिकले गं तुझे!" मी धावत गेले आणि तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. माझे पिकलेले केस बघून कोणाला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

चष्मा आल्यावर अक्काने खुर्ची मागितली आणि ओट्यावर जाऊन बसली. बराच वेळ समोर बघत राहिली. मग हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." भाऊजी आले. "हाच का तो रस्ता? मला दिसत नव्हतं तेव्हा धक्का बसला की तुम्ही म्हणायचा, टांगेवाल्याचा घोडा अडेल आहे. रस्ता आम्ही खडी टाकून घोटून घेतलाय म्हणायचा. मी चारचौघींत सांगत होते हो, आमच्या ह्यांनी रस्ता केला म्हणून!"

"काम चालू आहे," भाऊजी म्हणाले.

"माझ्या आंधळेपणावर रस्ता बांधलात तुम्ही," अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून तिने ओटा धरला. समोरून जाणारा टांगा आदळला की ही खुर्चीतून ओरडायची, "आतल्या बाई, लागलं काय? मेंबर घरातच हायेत, सांगून जा!" आणि लोक खरंच येऊ लागले. कोणी कंबर धरून, कोणी फुटलेली बरणी घेऊन. एक सायकलवाला तर वाकडं चाकच घेऊन आला. भाऊजींचे पक्षकार बाहेर आणि हे आत. शेवटी एका सकाळी खडी आली, रूळ फिरला. घरासमोरचा तेवढा तुकडा आरशासारखा झाला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भाऊजी सुटकेचा श्वास टाकून चहा मागायला आत आले. अक्काने शांतपणे खुर्ची उचलली आणि जिथे नवी खडी संपत होती, त्या कोपऱ्यावर नेऊन मांडली.

मी निघाले तेव्हा ती तिथेच बसलेली होती. ऊन लागू नये म्हणून शेजारच्या पानवाल्याने तिच्या डोक्यावर छत्री बांधून दिली होती. माझा टांगा कोपऱ्यावर दाणकन आदळला. "लागलं काय?" ती ओरडली. "लागलं!" मी ओरडले. तिने बोटाने घराकडे दाखवलं, पण माझ्या गाडीची वेळ झाली होती.

परतीच्या वाटेवर मी मनाशी म्हणत होते, वऱ्हाडातले लोक सोसतात तरी किती! रबर लावतात, चाक उंच करतात, टायर फुगवतात, आणि ज्याचं काम त्याला कोणी हाक मारत नाही. असं म्हणत पुण्याला उतरले, टांग्यात बसले, आणि आमच्या पेठेच्या तोंडाशी माझं डोकं छताला आपटलं. ह्याच खड्ड्यात मी वर्षानुवर्षं आपटत होते आणि सवयीने दांडी धरून बसत होते.

"थांबवा," मी टांगेवाल्याला म्हटलं.

"काय झालं बाई? तुमचं घर पुढं आहे."

"माझं नाही. ह्या पेठेचे मेंबर कुठे राहतात, तिथे घ्या."