रविवारी रात्री साडेबारा

सनीव्हेलमधली मराठी मंडळी दिगंबर मोघ्यांना तोंडावर दिगंबरकाका म्हणत आणि त्यांची पाठ वळली की बँकॉककाका. ब्याऐंशी साली काका आणि उत्तराकाकू भारतात जाताना बँकॉकला चार दिवस राहिले आणि परत आल्यावर काकांनी तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक पत्रक लिहून काढलं. चार दिवसांत माणूस एवढा जाणकार कसा होतो, हे विचारू नये. पी हळद आणि हो गोरी! पण पत्रक उपयोगाचं होतं, हे कबूल करायला हवं.

देवळात जाताना गुडघे झाकलेले हवेत. लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकानेही हात फिरवू नका, तिकडे डोकं पवित्र मानतात. तीनचाकीत बसण्याआधी भाडं ठरवा. देवळाबाहेर कुणी सभ्य गृहस्थ ‘आज देऊळ बंद आहे, चला, रत्नांचं दुकान दाखवतो’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून सरळ आत जा, देऊळ उघडंच असतं. साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात, म्हणून दशम्या आणि मेतकूट जवळ ठेवा. आणि निजलेला बुद्ध पाहिल्याशिवाय परतू नका. असं दोन पानं, काकांच्या ठसठशीत अक्षरात. कोणी त्या वाटेने निघालं की काका झेरॉक्स काढून स्वतः घरी नेऊन देत.

काका एका कंपनीत दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासत. हातात तांबडी पेन्सिल घेऊन चुका काढायच्या, हेच वीस वर्षं काम. माणसाचा स्वभाव आणखी काय होणार? वडील साताऱ्याकडे जोशीपण करायचे, त्यामुळे घरात पंचांग होतंच. मंडळाला चतुर्थीचा चंद्रोदय कॅलिफोर्नियाच्या वेळेने काढून देणारे काकाच. ‘आपला वार सूर्योदयाला बदलतो, साहेबाचा रात्री बाराला,’ हे वाक्य दर गणपतीत एकदा तरी सगळ्यांना ऐकावं लागे.

शहाऐंशीच्या जानेवारीत प्रतिमा त्यांच्याकडे आली. ती गिरीशची बायको, लग्न होऊन पाच वर्षं इथे. सांगलीला तिची आई शेवटच्या दुखण्यात होती. घाईत जे तिकीट मिळालं ते बँकॉकमार्गे, मध्ये एक मुक्काम, आणि बरोबर तीन वर्षांची दीपा. गिरीशला रजा नव्हती.

“काका, मी एकटी कधी ट्रॅव्हल केलं नाही. मला टायमिंग्ज मराठीत लिहून द्या ना, म्हणजे गोंधळ नको. दादा फोनवर म्हणाला, आई सारखं माझंच नाव घेतेय.”

“अगं, त्यात काय! आण इकडे.”

तिकिटाच्या लाल कार्बनवरची अक्षरं पुसट होती. काकांनी भिंग लावलं. रविवार, शून्य शून्य तीस. त्यांनी पत्रकाच्या तळाशी लिहिलं : ‘मुंबईचं विमान रविवारी रात्री साडेबारा. तीन तास आधी विमानतळावर पोचणे.’ खाली दोन रेघा ओढल्या. प्रतिमाने वाकून नमस्कार केला.

तिला विमानात बसवून आल्यावर गिरीशने एजंटला विचारून सांगलीला तार केली : रविवारी पहाटे मुंबई, संध्याकाळी सांगली. प्रतिमाला त्या तारेचा पत्ता नव्हता. तिच्याजवळ काकांचा कागद होता. शनिवारची रात्र तिने हॉटेलात दीपाला थोपटत काढली. रविवारी पूर्ण दिवस हाताशी आहे म्हणून, आणि लेकीची किरकिर थांबावी म्हणून, कागदात लिहिल्याप्रमाणे गुडघे झाकून, भाडं ठरवून, ती निजलेला बुद्ध पाहून आली. संध्याकाळी विमानतळावर गेली, तर काउंटरवरची मुलगी तिकीट उलटसुलट करून म्हणाली, हे विमान तर कालच गेलं. पुढचं बुधवारी दुपारी.

आई सोमवारी उजाडण्याआधी गेली. प्रतिमा गुरुवारी पोचली, तेव्हा अस्थीसुद्धा कृष्णेत सोडून झाल्या होत्या. थोरला भाऊ श्रीरंग काही बोलला नव्हता. पण मामाने उचलून घेतल्यावर दीपा आनंदाने म्हणाली, “मामा, वुई सॉ अ बिग गोल्ड मॅन. ही वॉज स्लीपिंग!” श्रीरंगने पोरीला खाली ठेवलं. आई डोळे लावून बसली होती आणि बहीण बँकॉक बघत फिरत होती, असं त्याने धरलं ते धरलंच.

सनीव्हेलला बातमी आली तेव्हा काका हळहळले. “लोक नीट वाचतच नाहीत हो,” असंही दोन-चार जणांना म्हणाले.

मार्चमध्ये प्रतिमा एकटी आली. घड्या पडलेला कागद तिने टेबलावर ठेवला. “काका, हे तुमचंच अक्षर ना?”

काकांनी ती ओळ वाचली. दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्यांना ती बरोबरच वाटली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा चूक दिसली. रविवार साहेबाचा होता आणि रात्र आपली. शनिवारी मध्यरात्रीनंतरच्या त्या वेळेला कुठलाही मराठी माणूस शनिवारी रात्री साडेबाराच म्हणतो. ‘रविवारी रात्री’ म्हटलं की आधी रविवारचा आख्खा दिवस जायला हवा. दर गणपतीत जे लोकांना शिकवलं, तेच नेमकं लिहिताना सुटलं होतं.

“मी कुणालाच बोलले नाही,” प्रतिमा म्हणाली. “गिरीशला वाटतं मीच चुकले. वाटू दे. पण दादा माझी पत्रं न उघडता परत पाठवतो. तुम्ही त्याला दोन ओळी लिहाल?”

“लिहितो की. लिहितो.”

आणि लिहिलं नाही. कागद ड्रॉवरमध्ये गेला. आज हे काम, उद्या ते काम. खरं कारण काकांना ठाऊक होतं. बँकॉककाका म्हणून जी काही किंमत होती ती जाणार होती, आणि या वयात ते त्यांना सोसवत नव्हतं. भित्रा होता तो माणूस, दुसरं काय म्हणायचं?

एप्रिलमध्ये मंडळाचा पाडवा झाला. पंगतीत कुणीतरी काकांकडे पत्रक मागितलं, तेव्हा गिरीश हसत म्हणाला, “काकांनी एवढं क्लीन लिहून दिलं होतं, तरी आमच्या मॅडमनी फ्लाइट मिस केली यार! हिला कॅलेंडरच कळत नाही.” दोन-चार जण हसले. प्रतिमा श्रीखंड वाढत होती. तिने एकदा काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घालून आणखी एक पुरी घेतली. माणूस भ्याला की त्याला अशी भूक लागते.

घरी परतताना गाडीत उत्तराकाकू म्हणाल्या, “ती पोर तुमच्यामुळे बोलणी खातेय, आणि तुम्ही पुऱ्या खाताय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कागद ड्रॉवरमध्ये आहे. मला वाचता येतं.”

दुसऱ्या दिवशी काकांनी आधी गिरीशला फोन करून सगळं सांगितलं. मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन स्वतःच्या त्या ओळीभोवती गोल काढला आणि श्रीरंगला लिहिलं : ‘तुमची बहीण फिरायला थांबली नाही. तिने मी लिहिलं तसं केलं. चूक माझी आहे. कागद सोबत जोडला आहे.’ वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळत होतं.

उत्तर जूनमध्ये आलं, काकांच्याच नावाने. काका ते घेऊन तडक प्रतिमाकडे गेले. तिने हात पुसले आणि म्हणाली, “तुम्हीच वाचा.”

‘कागद पाहिला,’ काका वाचू लागले. ‘आई शनिवारपासून सारखा वार विचारत होती. तार आल्याचं तिला माहीत होतं. रविवारी संध्याकाळ उलटली, प्रतिमा आली नाही, तिचा जीव घाबरा झाला. तेव्हा मी सांगितलं, आई, आज शनिवारच आहे, प्रतिमा उद्या येणार. मग ती शांत झाली, आणि तेच धरून पहाटे गेली. आईशी खोटं बोलावं लागलं, त्याचा राग मी प्रतिमावर काढला. हे तिला सांगायला मला तोंड नाही. तुम्ही सांगा. वर्षश्राद्धाला ये म्हणावं.’

शेवटच्या ओळी काकांना नीट वाचता आल्या नाहीत. प्रतिमाने पत्र त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं. दीपा आतल्या खोलीत टीव्ही बघत होती.

“काका,” ती म्हणाली, “म्हणजे आईच्या मते मला उशीर झालाच नव्हता ना?”

“नव्हता,” काका म्हणाले. वारांविषयी पुढे ते एक अक्षरही बोलले नाहीत.